ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो

पाच-सहा वर्षांची होईपर्यंत मी माझ्या बाबांना ‘मामा’ म्हणत होते. म्हणायचं असायचं ‘बाबा’च. पण माझा वरचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते, आणि दोन्ही शिवून झाल्यावरही तोंडातली हवा नाकावाटे निसटायची. ‘ब’ म्हणायला हवा ओठांमागे क्षणभर कोंडावी लागते. माझी कोंडली जायची नाही आणि ‘ब’चा ‘म’ व्हायचा. पपईची ममई, बैलाचा मैल. घनसावंगीच्या बाजारात मी बाबांच्या मागे ‘मामा, मामा’ करत पळायचे आणि दुकानदारांना वाटायचं, भाची सुट्टीला आलेली दिसते. बाबा कुणालाही दुरुस्त करायचे नाहीत. माझा खरा मामा मात्र यावर फार खूश होता. “पोरगी बापापेक्षा मलाच जास्त आवाज देती,” असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

‘आई’ हा शब्द मला पहिल्यापासून स्वच्छ यायचा. त्यात ओठांना काही कामच नाही.

आमचं गाव घनसावंगीहून जीपनं अर्ध्या तासावर, गोदावरीच्या अंगाला. घरचा ऊस, थोडी कपाशी. मी झाले तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनं मला टॉवेलात गुंडाळून, तोंडावर टॉवेलाचं टोक ओढून बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “आधी बसून घ्या.” बाबा बसले नाहीत. त्यांनी टोक बाजूला केलं, बघितलं आणि विचारलं, “हे शिवता येतं ना?”

हे त्यांना माहीत असण्याचं कारण अंकुशनगरचा साखर कारखाना. बाबा ऊस घेऊन तिथं जायचे. तिथल्या वजनकाट्यावर एक गृहस्थ बसायचे, त्यांच्या मिशीत मधोमध एक पांढरी रेघ होती. बाबांनी एकदा रांगेत उभं राहून कंटाळल्यावर त्यांना सरळ विचारलं होतं, की कशानं कापलं. ते म्हणाले, कापलं नाही, जन्मताच असं होतं, मोठेपणी शिवून घेतलं. म्हणजे माझा चेहरा बघून घरातले सगळे घाबरले तेव्हा एकटे बाबा असे होते, ज्यांनी या गोष्टीचा शेवट आधीच पाहिलेला होता. त्याच आठवड्यात ते अंकुशनगरला गेले आणि त्या गृहस्थांकडून डॉक्टरांचा पत्ता घेऊन आले. डॉक्टर औरंगाबादचे, पण दर गुरुवारी जालन्याला यायचे. त्यांनी सांगितलं, ओठ काही महिन्यांनी शिवू, टाळू वर्ष झाल्यावर. तोवर लेकराचं वजन वाढवा.

वजन वाढवणं हे आईचं काम. मला अंगावर ओढता यायचं नाही, कारण ओढायला तोंड बंद व्हावं लागतं, आणि माझं तोंड वर नाकात उघडत होतं. आई दूध काढायची आणि मला मांडीवर जवळजवळ उभं धरून बोंडल्यानं एकेक घोट पाजायची. अर्धं दूध नाकातून परत यायचं. पाजून होईस्तोवर पुढच्या पाजण्याची वेळ व्हायची. आई सांगते, त्या दिवसांत तिला स्वतः जेवल्याचं काही आठवत नाही.

त्यातच आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, गावातच दिलेली, त्यामुळं तिचं येणं हे रोजचंच. तिनं मला बघितलं आणि एकच शब्द उच्चारला, “गिऱ्हाण.”

आई गरोदर असताना एक ग्रहण होऊन गेलं होतं, हे खरं. आणि गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं तर लेकराचा ओठ चिरतो, ही आमच्याकडं सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. आत्यानं विचारलं, “काय चिरलं व्हतंस?” आई म्हणाली, “काहीच न्हाई. मी दिवसभर काठीसारखी सरळ पडून व्हते.” पण तिचं कोण ऐकतं? मला बघायला येणारी प्रत्येक बाई आपापल्या अंदाजानं एक भाजी सांगून जायची. आत्याच्या मते दोडका. शेजारच्या काकूंच्या मते काकडी. आईच्या एका मावसबहिणीनं तर ओठाची फट बघून हे कलिंगडच असणार असं ठरवलं. पुढं मी मोठी झाल्यावर या यादीवर खूप हसायचे. आई हसायची नाही. ती उठून काहीतरी आवरायला लागायची.

ऑपरेशनांचं मला फारसं आठवत नाही. टाळूच्या ऑपरेशननंतर हात तोंडात जाऊ नयेत म्हणून कोपरांना पुठ्ठे बांधले होते, आणि मी त्या ताठ हातांनी घरभर फिरत सगळ्यांना मारत होते, असं सांगतात. मला आठवतो तो कान. टाळू अशी असली की कानात पाणी साठतं, ते दुखतं, आणि मी वर्गात ‘काय? काय?’ करत बसायचे. आणि आठवतात त्या बोलायला शिकवणाऱ्या बाई.

त्या जालन्यात बसायच्या. डॉक्टरांनीच धाडलं होतं. बाईंनी माझ्या नाकाखाली एक छोटा आरसा आडवा धरला आणि म्हणाल्या, “म्हण, पापड.” मी म्हटलं. आरशावर वाफ धरली. “बघ, तुझा पापड नाकातून निघून गेला,” बाई म्हणाल्या. “त्याला तोंडातून काढायचंय.” मला हे एकदम पटलं. आजवर सगळे मला ‘नीट बोल’ म्हणायचे. नीट म्हणजे काय ते कुणी दाखवलं नव्हतं. आता नीट म्हणजे कोरा आरसा.

बाबांनी त्यांचा दाढीचा आरसा मला देऊन टाकला. जालन्याहून परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी तो नाकाखाली धरायचे आणि अंबड येईपर्यंत पापड, पपई, पोपट, बोकड, बाभळ असं चालू ठेवायचे. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं एकदा बाबांना हळूच विचारलं, “पोरीला काय झालंय?” बाबा म्हणाले, “काय न्हाई. अभ्यास करून राह्यली.”

शेवटी ‘ब’ आला तो शेतात. बाबा विहिरीवर मोटर चालू करायला वाकले होते. मी बांधावरून हाक मारली, “बाबा!” अगदी स्पष्ट, ठणठणीत. बाबांनी मागं वळूनही बघितलं नाही. त्यांना वाटलं, कुणाचं तरी पोर त्याच्या बापाला हाक मारतंय. मी आणखी दोनदा ओरडले. मग वैतागून ‘मामा’ म्हटलं, तेव्हा कुठं ते वळले. आणि वळल्यावर त्यांना कळलं. मोटर तशीच चालू ठेवून ते बांधापर्यंत आले आणि म्हणाले, “पुन्हा एकदा म्हण.” मी इतक्यांदा म्हटलं की पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत गेलं.

शाळेत चिडवायचे, नाही असं नाही. गेंगाणी म्हणायचे. मी जे काही उलट बोलायचे तेही गेंगाण्या आवाजातच असल्यामुळं भांडणाचा जोर थोडा कमी पडायचा, पण मी बोलणं थांबवलं नाही. दहावीपर्यंत आवाज बराच सुधारला. वरच्या दातांना तार लावली. विज्ञान शाखेतून पदवी घेतली आणि जालन्यातल्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. माझं काम उगवणशक्ती तपासण्याचं. ओल्या कागदात शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून ठेवायची, आणि ठरल्या दिवशी उघडून मोजायचं की किती उगवल्या. हे काम मला अजूनही आवडतं.

लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा जालन्यातल्याच मस्तगडचं एक स्थळ आलं. मुलाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. त्याचे वडील आधी बदनापूरकडं शेती करायचे, आता जालन्यातच राहायला आलेले. मुलानं मला एकच प्रश्न विचारला, “तुमच्या शंभरातल्या किती बिया उगवल्या न्हाई तर माल नापास?” मी सांगितलं, ते पिकावर असतं. त्यानं खरंच रस घेऊन एकेका पिकाचं विचारलं. बाकी मंडळी पोह्यांच्या बशा हातात धरून आमच्याकडं बघत होती. माझ्या ओठाकडं त्यानं बघितलं, पण लोक बघून नजर काढून घेतात तसं केलं नाही. नीट बघितलं आणि पुढचा प्रश्न ज्वारीबद्दल विचारला.

दोन दिवसांनी त्याच्या आईचा फोन आला. माझ्या आईनं उचलला. पलीकडून आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. “पोरगी आम्हाला बिलकुल पसंत हाय, ताई. पण एक विचारू का? राग मानू नका. उद्या लेकराबाळांना…” पुढचं त्यांना बोलवेना. आईचा चेहरा एकदम भाज्यांच्या त्या यादीवर मी हसले की व्हायचा तसा झाला. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, “काकू, बराबर विचारलं तुम्ही. मलाबी नक्की माहीत न्हाई. गुरुवारी डॉक्टर येतात, चला, सगळे मिळून विचारू.”

सगळे मिळून असं मी बोलण्याच्या ओघात म्हटलं होतं. गुरुवारी खरंच सगळे आले. मुलाकडून तो, त्याची आई, त्याचे वडील. आमच्याकडून मी, आई, बाबा. आणि आत्या. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती सकाळी नवं लुगडं नेसून जीपपाशी उभी होती.

डॉक्टर आता थकलेले, केस पांढरे झालेले. आम्ही सात जण आत शिरलो तसे ते खुर्चीतून अर्धे उठले. मग त्यांनी मला ओळखलं, हनुवटीला बोट लावून माझा चेहरा खिडकीच्या उजेडाकडं वळवला आणि स्वतःशीच म्हणाले, “चांगलं राहिलंय.” सुतार आपण केलेलं जुनं कपाट बघतो, तसा त्यांचा भाव होता. मी त्यांना आमचं येण्याचं कारण सांगितलं. ते हसले. म्हणाले, “वरात घेऊन विचारायला आलेले तुम्ही पहिलेच. बसा. जागा असेल तिथं बसा.”

मग त्यांनी समजावलं. म्हणाले, “प्रत्येकानं नाकाखाली बोट लावा. ओठावर मधोमध एक पन्हाळ लागते?” सातही जणांनी बोट लावलं. “पोटात लेकराचा चेहरा एकसंध तयार होत नाही. दोन्ही बाजूंचे भाग वाढत वाढत मध्ये येतात आणि मधल्या भागाला जुळतात. ते जुळले त्याची खूण ही पन्हाळ. टाळूचंही तसंच, फक्त थोडं नंतर. कुणाचं जुळता जुळता राहून जातं. बस, एवढंच. काही कापलेलं नसतं, काही फाटलेलं नसतं. जुळायचं राहिलेलं असतं.”

मुलाचे वडील अजून नाकाखाली बोट ठेवूनच होते. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, मी धा वर्षं कपाशीचे सीड प्लॉट केले. नर वाण, मादी वाण, दोन्हींचा संकर. पुढच्या पिढीत काय येणार ते कंपनीवाले आधीच सांगायचे. तसं सांगा की.”

“तसं असतं तर मी पाटीवर लिहून ठेवलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “हे एका गुणाचं काम नाही. आईबापाकडून आलेल्या बारीक बारीक बऱ्याच गोष्टी एकत्र याव्या लागतात, वर पोटातलं काहीतरी. काही औषधं, तंबाखू-विडी, सकस खाणं नसणं. आणि पुष्कळ वेळा कारण सापडतच नाही. दोन्ही घरांत कुणाला नसताना असं मूल होतं. हिच्या घरात कुठं होतं कुणाला?”

“न्हाई,” बाबा म्हणाले.

“मग? आता आईबापांपैकी एकाला असेल, तर शंभर लेकरांत साधारण चार-पाच जणांना होऊ शकतं.”

मुलाच्या आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. “म्हणजे पंच्याण्णव बराबर?”

“पंच्याण्णव बराबर. आणि उरलेल्यांसाठी मी आहे.”

सगळे जरा सैलावले. तेवढ्यात आई बोलली. माझी आई अशा ठिकाणी बोलत नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, कुणाकडंच न बघता म्हणाली, “डॉक्टरसाहेब, मी चिरलं काही नव्हतं. पण गिऱ्हाण चालू असताना ह्यांच्या सदऱ्याचं बटन लावलं आन् दोरा दातानं तोडला. ध्यानातच राह्यलं न्हाई. नंतर आठवलं.”

मला हे ठाऊक नव्हतं. बाबांनाही नव्हतं, हे त्यांच्याकडं बघून कळत होतं. इतकी वर्षं लोक तिला दोडका आणि कलिंगड सांगत होते, आणि ती आत एक दोरा घेऊन बसली होती.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, “तेव्हा तुम्हाला कितवा महिना होता?”

“सातवा. सातवा सरत आल्ता.”

“लेकराचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो,” डॉक्टर म्हणाले. “टाळू तिसऱ्या महिन्यात. काय व्हायचं ते तिथंच होऊन गेलेलं असतं. पुष्कळ बायांना तोवर दिवस गेलेलंही नीट कळलेलं नसतं. तुम्ही बटण लावलंत तेव्हा हिचं सगळं होऊन चार महिने उलटले होते. तुम्ही त्या दिवशी अख्खा ऊस तोडला असता तरी हिच्या ओठाला काही झालं नसतं.”

आईनं मान हलवली. मग पुन्हा विचारलं, “दुसऱ्या?”

“दुसऱ्या.”

तिनं डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी नव्हतंच. ती फक्त खुर्चीत मागं टेकून बसली. आल्यापासून ती खुर्चीच्या कडेवर बसलेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

काम झालं होतं. सगळे उठले. आणि दवाखान्यात आलोच आहोत तर, या न्यायानं मुलाच्या आईनं डॉक्टरांना म्हटलं, “साहेब, माझा घसा आठ दिवस झाले खवखवतोय. जरा बघता का?” डॉक्टरांनी टॉर्च घेतला. “आ करा.” त्यांनी बघितलं. टॉर्च थोडा वर केला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले, “घसा लाल आहे, गुळण्या करा. पण काकू, तुमची पडजीभ दुहेरी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?”

“म्हंजी?”

“पडजीभ, ती मागं लोंबते ती. सगळ्यांची एक टोकाची असते. तुमची खाली दोन टोकांची आहे. मध्ये जुळायची राहिली. पुष्कळ जणांची असते, त्रास काही नाही, काळजीचं कारण नाही. पण कधी कधी ही याच प्रकारातली, अगदी हलकी तऱ्हा असते.”

त्या तोंड उघडं ठेवूनच त्यांच्याकडं बघत राहिल्या. मुलानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण हसू आवरत नव्हतं. आत्यानं मात्र मोठ्यानं विचारलं, “यांच्या आईनं काय चिरलं व्हतं मंग?” आणि बाबांनी तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

दवाखान्याच्या समोरच्या हॉटेलात आम्ही भजी आणि चहा घेतला. मध्येच मुलाच्या आईनं नवऱ्याला कोपऱ्यात नेलं, मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली आणि आ केला. मुलाचे वडील वाकून वाकून बघत होते. हॉटेलातली सगळी गिऱ्हाइकं चहा सोडून त्यांच्याकडं बघायला लागली. “हाय,” ते म्हणाले. “बराबर दोन टोकं हायेत. तीस वर्षं संसार केला, मला दिसलं न्हाई.” तेव्हा मुलाच्या आईला हसू फुटलं, ते थांबेचना. खोकला आणि हसू एकत्र. माझ्या आईच्या मांडीवर हात मारून त्या म्हणाल्या, “मी तुमच्या पोरीचं तपासायला आल्ते हो, ताई!”

आत्या आईच्या शेजारी बसली होती. मग म्हणाली, “दोरा तोडल्याचं मला कधी सांगितलं न्हाईस.” आत्यानं आपल्या बशीतली भजी आईपुढं सरकवली. “खा. सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या.” त्यानंतर आत्याच्या तोंडून गिऱ्हाण हा शब्द निदान आमच्या घरात तरी आला नाही.

लग्न झालं. मूल हवं असं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी आधीपासूनच फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या सुरू केल्या. सगळं ठीक चाललं होतं. पाचव्या महिन्यात नवऱ्याबरोबर सोनोग्राफीला गेले. सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई बराच वेळ एकाच जागी थांबल्या, यंत्र फिरवलं, पुन्हा तिथंच आल्या. त्यांनी पडद्यावर बोट ठेवायच्या आधी मला कळलं होतं. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला एक छोटी काळी फट. “टाळूचं यात नीट दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “बाकी सगळं उत्तम आहे.”

मी बाहेर येऊन स्कूटरपाशी उभी राहिले आणि रडले. मला वाटलं होतं, मला हे सोपं जाईल. रोज शंभर बिया मोजणाऱ्या बाईला चार-पाच म्हणजे काय हे कळायला पाहिजे. पण मी मनातल्या मनात आम्हाला पंच्याण्णवात मांडून मोकळी झाले होते. नवऱ्यानं माझं रडणं होऊ दिलं. मग विचारलं, “तुला काय सगळ्यात जास्त तरास झाल्ता? लहानपणी?” मी विचार करून सांगितलं, “कान.” तो म्हणाला, “मंग कानाचं आधीच ध्यान ठेवू.” आणि त्यानं स्कूटर सुरू केली. त्याचं सगळं असं असतं. मोटर जळाली म्हटलं की तो आधी विचारतो, वास कुठून येऊन राह्यला.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं. “डॉक्टर अजून गुरुवारी येतात का?” मी म्हटलं, ते आता येत नाहीत, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाई येतात. “मंग बराबर,” असं म्हणून त्यांनी पोळी तव्यावर टाकली. पण त्या दिवशीच्या पोळ्या सगळ्या एका बाजूनं जाड झाल्या होत्या.

आणि आठव्या महिन्यात नेमकं ग्रहण आलं! गल्लीतल्या बाया आदल्या दिवसापासून सूचना द्यायला लागल्या. सासूबाईंची फार पंचाईत झाली. डॉक्टरांचं दुसऱ्या महिन्याचं त्यांनी स्वतः ऐकलेलं होतं, आणि पंचवीस बायांना ऐकवलेलंही होतं. त्या सकाळी म्हणाल्या, “ग्रहणाचं मी काही मानत न्हाई. पण तुझे पाय सुजलेत. तू पडून राहा.” पाय सुजलेले नव्हते. विळी त्यांनी सहज म्हणून माळ्यावर टाकली होती. मी पडून राहिले आणि मस्त झोपले.

मुलगी झाली. ओठाला डावीकडं फट, पण बालरोगतज्ज्ञांनी बोट घालून तपासलं, टाळू आतपर्यंत अखंड होती. जरा धडपडून ती अंगावर प्यायलाही लागली. माझी आई तयारीनिशी येऊन बसली होती, तिला काही करायलाच उरलं नाही. ती नुसती नातीकडं बघत बसायची. भेटायला येणाऱ्या बाया टॉवेलाच्या आत बघून माझ्याकडं वळायच्या, चेहऱ्यावर तो जुना प्रश्न. त्यांनी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढं व्हायच्या. “तिच्याकडं काय बघता? हे आमच्या बाजूचंबी असंल. हे बघा.” आणि आ करून दाखवायच्या. आलेल्या बाईला नाइलाजानं त्यांच्या घशात वाकून बघावं लागायचं. तेवढं झाल्यावर मग कुणी काही विचारत नसे.

चार महिन्यांची झाल्यावर ओठ शिवला. ऑपरेशन छान झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागी होऊन माझ्याकडं बघायला लागली आणि मला क्षणभर ती अनोळखी वाटली. तिचं आधीचं हसू फार रुंद होतं, गालापर्यंत उघडायचं. त्या हसण्याची मला सवय झाली होती. खरं तर मला ते आवडायचं. नवा ओठ सुबक होता, आणि मी त्या जुन्या ओठासाठी कासावीस होऊन बसले होते. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मलाबी तसंच झाल्तं. तुझ्या येळेला. कुणाला सांगितलं न्हाई, वेडी म्हणले असते.” मग आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना बसून तिच्या हसण्याची वाट बघत राहिलो. टाके ओढत असल्यामुळं त्या दिवशी ती हसली नाही. आठवड्यानं हसली, तेव्हा ते तिसरंच काहीतरी होतं, थोडं वाकडं आणि लबाड. त्याचीही सवय झाली.

आता ती चार वर्षांची आहे. ओठावर बारीक रेघ, नाकपुडी एका बाजूला किंचित बसकी. मोठी झाल्यावर वाटलं तर ती दुरुस्त करता येईल, असं गुरुवारच्या डॉक्टरबाई म्हणतात. कान आम्ही नेमानं तपासून घेतो. बोलणं इतकं स्पष्ट की दुकानात आलेली गिऱ्हाइकं तिच्याशी बोलताना जपून बोलतात. गेल्या महिन्यात ती बापाकडून शिट्टी वाजवायला शिकली. मला शिट्टी कधीच आली नाही, अजूनही येत नाही, नुसती हवा जाते. ती ओठांचा चंबू करते आणि सणसणीत वाजवते. सासूबाई म्हणतात, पोरींनी शिट्टी वाजवू नये. सासरे म्हणतात, वाजवू दे. सध्या ती अंगणवाडीतल्या सगळ्या लेकरांना शिकवून राह्यली आहे, आणि तिथल्या ताईंचा आजच सकाळी मला फोन आला.